मदत हवी आहे: बँक शेअर सर्टिफिकेट मागतेय, सोसायटी म्हणते असलं काही नसतंच

चार_भिंती
नमस्कार. थोडक्यात लिहितो, वेळ नाही. रीसेलमध्ये टू बीएचके घेतोय. विसार दिलाय. बँकेचे वकील म्हणतात, शेअर सर्टिफिकेट आणा. सेक्रेटरी म्हणतात, आम्ही कधीच कुणाला दिलेलं नाही. तीन चकरा झाल्या. दर वेळी चहा मिळतो, कागद मिळत नाही. विसार पावतीत ४५ दिवसांची मुदत आहे, त्यातले २८ संपले. हे लोक मुद्दाम अडवतायत का? सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार केली तर किती दिवसांत निकाल लागतो? अनुभव असलेल्यांनीच लिहा ही विनंती.

स्लो_लोकल
अनुभव आहे म्हणून लिहितो. डोंबिवलीत २०१६ साली रीसेल घेतला, तेव्हा अगदी हेच. आधी 'सर्टिफिकेट सापडत नाही', मग 'कमिटीची मीटिंग होऊ दे', मग हळूच आकडा. एक लक्षात ठेवा: हस्तांतरणाचं प्रीमियम २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही, ऑगस्ट २००१ चं सरकारी परिपत्रक आहे. आणि आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) विक्रीला सोसायटीची एनओसी लागतच नाही, बँका मागतात म्हणून द्यायची असते. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. पोच म्हटलं की निम्मे सेक्रेटरी सरळ होतात.

तूप_साखर
दार कुठल्या दिशेला आहे?

जुना_कॅशियर
बँक सरकारी की सहकारी? मंजुरीचं पत्र हातात आहे की नुसतं तोंडी? मूळ करारनामा कुणाकडे आहे? विकणाऱ्याचं जुनं कर्ज फिटलंय का? एवढं लिहिलंत तर काही सांगता येईल.

बोका_४०२
सरळ महारेरावर तक्रार टाका. ऑनलाइन होते.

स्लो_लोकल
@बोका, रेरा हा बिल्डरांच्या प्रकल्पांचा कायदा, २०१७ पासून लागू. जुन्या इमारतीतल्या रीसेलचा त्याच्याशी काय संबंध? आणि धागाकर्त्याने इमारत किती जुनी ते सांगितलेलंच नाही.

चार_भिंती
अहो, साधा प्रश्न आहे. असो. पुणे, सिंहगड रोड, वडगाव बुद्रुक. इमारत १९९७ ची, तीन मजली, लिफ्ट नाही. बँक सरकारी, मंजुरी तोंडी. विकणारे काका मूळ मालक, वय ७४, कर्ज केव्हाच फिटलंय. व्यवहार ६२ लाखांचा. दार पूर्वेला आहे. आता तरी कुणी तक्रारीचं सांगेल का?

नदीकाठचा
सिंहगड रोड म्हणालात म्हणून विचारतो, नदी किती लांब? जुलै २०२४ मध्ये एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा माझा मावसभाऊ तिथेच भाड्याने होता. पार्किंगमधली स्कूटर दुसऱ्या दिवशी पलीकडच्या भिंतीला टेकलेली सापडली. निळी पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येतं ती नकाशावरची रेघ) बघितल्याशिवाय त्या पट्ट्यात सही करू नका.

पेठेतला
आमच्या आजोबांनी १९६१ चं पानशेत पाहिलं होतं. ते म्हणायचे, पुण्यात घर घ्यावं तर चढावर.

चार_भिंती
नदी लांब आहे. इमारत चढावरच आहे. पूर नको, शेअर सर्टिफिकेट हवंय!!!

मुठाई
चार_भिंती, जरा दम खा. एकच प्रश्न. गेटवरच्या पाटीवर नेमकं काय लिहिलंय? 'सहकारी गृहरचना संस्था मर्यादित' आणि खाली नोंदणी क्रमांक, की नुसतं 'अमुक अपार्टमेंट'? पाटी नसेल तर मेंटेनन्सच्या पावतीचा मथळा वाचा. आधी हे बघून या, तक्रार नंतर.

स्लो_लोकल
पाटीने काय होतंय? मुंबईत निम्म्या इमारतींच्या नावात अपार्टमेंट असतं, आत सोसायटीच असते.

मुठाई
मुंबईत असते. पुण्यात नसू शकते. इथे त्या काळातल्या कितीतरी इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० खाली आहेत. बिल्डरने घोषणापत्र नोंदवायचं, मग प्रत्येकाशी वेगळं डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा दस्त, करायचं. सोसायटीत जमीन-इमारत संस्थेची, तुम्ही भागधारक, म्हणून शेअर सर्टिफिकेट. अपार्टमेंटमध्ये फ्लॅट थेट तुमचा आणि जमिनीत तुमचा अविभक्त हिस्सा, टक्क्यांत लिहिलेला. शेअर्सच नसतात तर सर्टिफिकेट येणार कुठून? पण बोलताना इथे सगळ्यालाच 'सोसायटी' म्हणतात. माझी स्वतःची सासू तीस वर्षं अपार्टमेंटमध्ये राहून 'सोसायटीची मीटिंग'च म्हणते.

स्लो_लोकल
म्हणजे पुणेकरांनी सरळ गोष्ट वाकडी करून ठेवली. सोसायटीच बरी. वर उपनिबंधक असतो, कुणी माजलं तर दाद मागता येते.

पेठेतला
आणि सोसायटीत वन बीएचकेवाला आणि थ्री बीएचकेवाला सेवाशुल्क सारखंच भरतो, हा कुठला न्याय? अपार्टमेंटमध्ये हिश्शाप्रमाणे खर्च वाटला जातो. मी वन बीएचकेत राहतो, मला विचारा.

थ्री_बीएचके
जिना तुम्ही आमच्यापेक्षा कमी वापरता का?

पेठेतला
घरात माणसं दोन. तुमच्याकडे सात आणि एक लॅब्राडॉर. तुम्हीच मोजा.

जुना_कॅशियर
धाग्याचं काश्मीर करू नका. चार_भिंती, ६२ लाखांचा व्यवहार आहे, म्हणजे ५० लाखांच्या वर. विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा आणि तुम्हीच भरायचा. काकांचा पॅन घेऊन ठेवा. हे कुणी सांगितलं होतं का?

चार_भिंती
नाही. एजंट म्हणाला होता, मुद्रांक आणि नोंदणी सोडून काही नाही.

बोका_४०२
बायकोच्या नावावर घ्या. महिलांना मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. पुण्यात ७ चे ६ होतात, ६२ हजार वाचतील.

जुना_कॅशियर
दोघांच्या नावावर घेतलं तर ती सवलत नाही. घर फक्त महिलांच्या नावावर हवं. आणि कर्ज यांच्या पगारावर असेल तर बँकेला आधी विचारा. ६२ हजारांसाठी मंजुरी घालवाल.

तूप_साखर
पूर्वेचं दार उत्तम. स्वयंपाकघर?

चार_भिंती
आत्ता जाऊन आलो. पाटी बोगनवेलीच्या मागे गेलीय. वॉचमनने काठीने फांदी धरून ठेवली तेव्हा वाचता आली. निळ्यावर पांढरं, पुढचं नाव उडालंय, शेवटी '...पार्टमेंट' एवढं शिल्लक. सेक्रेटरींकडे पावतीपुस्तक बघितलं, मथळ्यात 'अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन' छापलंय आणि त्यावर बॉलपेनने 'सोसायटी' लिहून दोनदा अधोरेखित केलंय! मला कसं कळणार? आणि हो, आधी लिहायचं राहिलं, ते वर ५०,००० पण मागतायत.

स्लो_लोकल
बघा! मी म्हटलं नव्हतं? २००१ चं परिपत्रक तोंडावर फेका.

मुठाई
फेकू नका. ते परिपत्रक सहकारी संस्थांसाठी आहे, अपार्टमेंटला त्यांचे स्वतःचे उपविधी. ५०,००० कसले ते आधी विचारा, त्यासाठी कायदा लागत नाही. खरं काम वेगळंच आहे. काकांच्या नावाने डीड ऑफ अपार्टमेंट झालंय का? बऱ्याच जणांकडे नुसता करारनामा असतो, पुढचं डीड केलेलंच नसतं. झालं असेल तर बँकेला शेअर सर्टिफिकेटच्या जागी तेच द्यायचं. वकिलांना स्पष्ट सांगा, ही सोसायटी नाही. त्यांची यादी सगळ्यांना एकच असते. झालं नसेल तर बिल्डरला सहीला बोलवावं लागेल. करारावर पूर्ण मुद्रांक भरला असेल तर डीडला नाममात्रच लागतो. बिल्डर सापडत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय मालकी नावावर करून घेण्याचा) अर्ज, पण ते १७ दिवसांत होत नाही. तसं निघालं तर काकांकडून मुदतवाढ लेखी घ्या.

पायरीवरची
कायद्याचं मला कळत नाही. पण तीन वेळा चहा पाजणाऱ्या सेक्रेटरीवर तुम्ही तक्रार करायला निघालात? तिथे राहायचंय ना? पाणी गेलं की त्यांनाच हाक माराल, गणपतीची वर्गणीही त्यांच्याकडेच द्याल. आमच्याकडे एकाने राहायला यायच्या आधीच वकिलाची नोटीस पाठवली होती. माणूस वाईट नव्हता, पण अकरा वर्षं झाली, अजून 'नोटीसवाले' म्हणूनच ओळखतात.

चार_भिंती
अपडेट. काल काकांकडे गेलो. कपाटावरून निळी रेक्झिनची बॅग काढली. तीत १९९७ पासूनची विजेची बिलं, नातवाची कुंडली, आणि तळाशी डीड ऑफ अपार्टमेंट. २००१ चं, नोंदणीकृत, हिस्सा ४.१ टक्के. फक्त एक भानगड. पावसाळ्यात कपाटाला ओल येते म्हणून काकांनी पानन् पान लॅमिनेट करून ठेवलंय. बँकेचे वकील लॅमिनेट केलेला कागद हातात घ्यायला तयार नाहीत.

५०,००० चं विचारलं. दोन वर्षांपूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, त्यातला काकांचा हिस्सा राहिलाय. माझ्याकडे नव्हते मागत, 'विकायच्या आधी काकांनी भरावेत' असं म्हणणं होतं. मी नीट ऐकलं नव्हतं.

मुठाई
घाबरू नका. दुय्यम निबंधक कार्यालयातून सत्यप्रत काढा, दस्त क्रमांक पहिल्या पानावर दिसेल. सोबत इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) आणि असोसिएशनचं थकबाकी नसल्याचं पत्र. लॅमिनेशन उचकटायला जाऊ नका, शाई निघून येते. एकदा इस्त्री फिरवून बघितली होती, सांगण्यासारखं नाही.

जुना_कॅशियर
५०,००० काकांच्या रकमेतून वळते करा आणि विक्रीकरारात तसं लिहा. तोंडी नको.

पेठेतला
४.१ टक्के म्हणजे मेंटेनन्स किती बसतो?

चार_भिंती
सत्यप्रतीसाठी अर्ज दिलाय. सेक्रेटरींनी पत्र लगेच टाईप करून दिलं, चौथा चहा झाला. मेंटेनन्स विचारून सांगतो.

स्लो_लोकल
बाकी ठीक, पण शेअर सर्टिफिकेट मिळालं का शेवटी?