मदत हवी आहे: ३४ पीसीवर विंडोज टाकायचंय, प्रत्येकाची अॅक्टिवेशन की वेगळी

कोपरखैरणे_क्लास: अर्जंट आहे. आमच्या क्लासचे ३४ पीसी, सगळ्यांवर परत विंडोज टाकायचंय आणि सोमवारी सकाळी ८ ला बॅच बसणार. काल दिवसभर मी आणि मदतीचा मुलगा खपलो तरी ५ च झाले. पेनड्राइव्ह लावा, नेक्स्ट नेक्स्ट करा, मग ती २५ अक्षरी की कागदावरून बघून टाका, त्यात ८ आणि बी मधे गोंधळ झाला की परत टाका. सगळ्या की एक्सेलमधे आहेत. एकदा लावून दिलं की ज्याची की त्यालाच आपोआप जाईल असं काही होतं का? "गूगल कर" नको, ते करून झालंय.

वागळे_हार्डवेअर: १० का ११? की ओईएम (पीसीसोबतच आलेली) का रिटेल (सुटी घेतलेली)? पीसी एकाच मॉडेलचे का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

कोपरखैरणे_क्लास: ११ प्रो. की बिलासोबत आल्यात, रिटेल लिहिलंय. २२ असेंबल्ड, १२ ब्रँडेड.

घोडबंदरकर: क्लोनझिला, डिस्कची कॉपी काढायचं सॉफ्टवेअर. एक पीसी तयार करा, इमेज (पूर्ण डिस्कची कॉपी) काढा, बाकीच्यांवर टाका. मी ६० मशीनची लॅब एका रात्रीत उठवलीय.

तुर्भे_अॅडमिन: इमेज काढण्याआधी सिसप्रेप जनरलाइझ (मशीनची ओळख पुसणारं विंडोजचं टूल) केलं होतंत का? नाहीतर सगळ्यांचा एसआयडी, म्हणजे विंडोजमधला मशीनचा ओळख क्रमांक, सारखा येतो.

घोडबंदरकर: कधीच केलं नाही आणि काही बिघडलं नाही, हे पुस्तकी आहे सगळं.

तुर्भे_अॅडमिन: बिघडत नव्हतं. ऑगस्ट २०२५ अखेरच्या अपडेटपासून ११ च्या २४एच२ आवृत्तीवर सारख्या एसआयडीची मशीन एकमेकांचं शेअर केलेलं फोल्डर उघडू देत नाहीत, पासवर्ड बरोबर असून लॉगिन फेल. क्लासमधे शेअर लागतंच. आणि की चा प्रश्न तसाच राहिला, इमेजमधे की एकच जाणार.

नेरूळ_पेंग्विन: मुलांना टायपिंग आणि एक्सेलच शिकवायचंय ना? विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स टाका, की ची कटकटच नाही.

कोपरखैरणे_क्लास: परीक्षा विंडोजवर असते हो. आणि की साठी पैसे भरलेत.

ठाणे_वेस्ट_०७: केएमएस अॅक्टिवेटर मिळतो, की न घेता अॅक्टिवेट करणारा क्रॅक, ५ मिनिटात सगळे.

वागळे_हार्डवेअर: नको ताई, त्यात व्हायरस असतात, मुलांच्या मशीनवर असलं काही टाकू नका. खरं केएमएस व्हॉल्यूम लायसन्सचं (संस्थांच्या एकगठ्ठा लायसन्सचं) असतं आणि त्याला कमीतकमी २५ मशीन लागतात. विकत घेतलेल्या की असताना त्या वाटेला कशाला जायचं.

तुर्भे_अॅडमिन: ताई, असं करा. पेनड्राइव्हवर ऑटोअनअटेंड एक्सएमएल (सेटअपची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल) ठेवा, त्यात मायक्रोसॉफ्टची प्रोची जेनेरिक की द्या. तिने फक्त इन्स्टॉल होतं, अॅक्टिवेट होत नाही. ती दिली नाहीत तर ब्रँडेडच्या बायोसमधे (मदरबोर्डच्या चिपमधे) विंडोज होमची की असली की सेटअप न विचारता होम टाकतं. मग त्याच फाइलच्या फर्स्टलॉगऑनकमांड्समधे (पहिल्या लॉगिनला आपोआप चालणाऱ्या कमांड) पॉवरशेलची छोटी स्क्रिप्ट, ती बायोसचा सिरियल नंबर वाचेल, सीएसव्हीत (एक्सेलची यादी त्या प्रकारात सेव्ह करा) शोधेल आणि समोरची की एसएलएमजीआर या विंडोजच्या लायसन्स टूलच्या आयपीके कमांडने टाकून एटीओ कमांडने अॅक्टिवेट करेल. एसएलएमजीआर सीस्क्रिप्टमधूनच (कमांड लाइनवर स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालवा, नाहीतर प्रत्येक मशीनवर खिडकी उघडून ओके दाबायची वाट बघत बसेल. अॅक्टिवेशनला नेट लागेल.

महापे_नाइटशिफ्ट: सेटअपकम्प्लीट सीएमडी सोपं पडेल, ती फाइल सेटअप संपला की लॉगिनच्या आधीच आपोआप चालते.

तुर्भे_अॅडमिन: ओईएम की असली तर प्रोवर ती फाइल चालतच नाही. १२ ब्रँडेड आहेत, कशाला धोका घ्यायचा.

घोडबंदरकर: एवढं लिहीपर्यंत माझे क्लोन होऊन जातील.

कोपरखैरणे_क्लास: अर्धी रात्र जागून स्क्रिप्ट लिहिली. ब्रँडेडच्या दोनवर मस्त चाललं, आपापल्या की गेल्या. पण असेंबल्डवर सिरियल नंबरच्या जागी "टू बी फिल्ड बाय ओईएम" येतं, तीन बघितले, तिन्हीवर तेच. आता?

वागळे_हार्डवेअर: असेंबल्ड बोर्डवर दुकानदार तो भरत नाही, त्याचंच ते. लॅनचा मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डचा नंबर) घ्या, तो प्रत्येकाचा वेगळा असतो. जुनं विंडोज उडवण्याआधी गेटमॅक कमांड चालवून उतरवून घ्या.

महापे_नाइटशिफ्ट: कोपरखैरण्यात आज दुपारी लाइट गेलेली का? आमच्याकडे दोनदा गेली.

कोपरखैरणे_क्लास: गेली नाही, पण यूपीएस चारच पीसीला आहे. तुर्भे दादा, वागळे दादा, मॅकने झालं! चार एकदम लावले, चारही अॅक्टिवेट. सीएसव्ही पेनड्राइव्हवरच ठेवलीय, पीसीवर कॉपी नाही केली. उरलेल्यांचे मॅक मुलगा उतरवतोय, दोन पेनड्राइव्ह अजून आणायला निघालेय.