नवऱ्याला डिप्रेशन आहे आणि मी बायको कमी, वॉर्डन जास्त झालीये

शेवग्याची_शेंग:
नमस्कार, आधीच सांगते, मोठं होणार आहे. लग्नाला ११ वर्षं, डोंबिवलीत राहतो, मुलगी ८ वर्षांची, सासूबाई आमच्याकडेच असतात. नवरा गणपतीपासूनच गप्प गप्प होता, मला वाटलं ऑफिसचं टेन्शन असेल. मग चिडचिड सुरू झाली, टीव्हीचा आवाज, पोरीचा आवाज, कुकरची शिट्टी, कशानेही डोकं फिरायचं. डिप्रेशन म्हणजे माणूस रडत बसतो अशी माझी समजूत, हा तर ओरडत होता, मग कसं कळणार? शेवटी फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, बी१२ सगळं तपासून सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. एस्सिटालोप्रॅम (डिप्रेशनची गोळी) सुरू झाली, आज तेरावा दिवस. तो म्हणतो काही फरक नाही, उलट मळमळतं, बंद करतो.

आता माझं. सकाळी गोळी घेतली का, आंघोळ केलीस का, जेवलास का, झोप लागली का, हे मी दिवसभर विचारत असते आणि माझा आवाज मलाच नकोसा झालाय. नातेवाईकांना सांगते अॅसिडिटी आहे. लग्नकार्याला एकटी जाते, हसून येते. संध्याकाळी स्टेशनवरून स्कूटरने येतो आणि खाली पार्किंगमध्ये हेल्मेट न काढता अर्धा अर्धा तास बसून राहतो. मी वरून गॅलरीतून बघते. पहिल्यांदा वाटलं फोन आलाय. फोन नसतोच, नुसता बसलेला असतो. मला तेव्हा दया यायला हवी ना, पण राग येतो, की इथे पोळ्या, होमवर्क, सासूबाईंची बीपीची गोळी सगळं माझ्यावर आणि हा खाली बसलाय. मग रात्री त्या रागाचं गिल्ट येतं. जवळीक तर विचारूच नका, मला वाटतं मी आवडेनाशी झालीये.

परवा म्हणाला, मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं. मी विषय बदलला. कुणी यातून गेलंय का? दोघांनी मिळून कसं निभावलं?

पहाटफेरी:
ताई, हे सगळे मनाचे खेळ असतात. पहाटे ५ ला उठवा, ५ किलोमीटर चालायला लावा, अनुलोम विलोम, मोबाइल बंद. आमच्या वडिलांच्या काळात कुठे होतं डिप्रेशन.

पालथा_कप:
पहाटफेरी साहेब, तुमच्या वडिलांच्या काळात पण होतं, त्याला "तिरसट झालाय" म्हणायचे एवढंच. व्यायामाचा उपयोग होतो हे खरं आहे पण ज्या माणसाला टॉवेल घेऊन बाथरूमपर्यंत जायला तासभर लागतो त्याला पहाटे ५ सांगू नका.

ताई, मी तुमच्या नवऱ्याच्या जागी होतो, २०१९ मध्ये. त्या पार्किंगचं सांगतो. मी पण बसायचो, आमच्याकडे लिफ्टसमोरचा कट्टा होता. दिवसभर ऑफिसात नॉर्मल असल्याचं नाटक करून बॅटरी संपलेली असते आणि वर गेलं की पोरगा पळत येणार, त्याच्यासाठी चेहरा लावावा लागणार, तो चेहरा गोळा करत बसायचो. घरच्यांचा कंटाळा म्हणून नाही हो.

गोळीचं, १३ दिवसांत ठरवू नका. फरक जाणवायला २ ते ४ आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला ६-८ सुद्धा. मळमळ बहुतेकांची पहिल्या काही दिवसांत कमी होते, नाही झाली तर डॉक्टरांना फोन करा, डोस आणि वेळ ते बघतील. मी तिसऱ्या महिन्यात बरं वाटतंय म्हणून परस्पर सोडली होती. चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं, आणि महिन्याभरात जिथे होतो तिथे परत. नंतर कळलं की बरं वाटायला लागल्यावरही निदान ६ महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात.

दुसरं, तुम्ही विचारता ना "बरं वाटतंय का", माझी बायको पण विचारायची आणि मला ते तोंडी परीक्षेसारखं वाटायचं. नाही म्हटलं तर तिचा चेहरा पडणार, म्हणून मी हो म्हणायचो. शेवटी आमचं असं ठरलं की दिवस वाईट असेल तर मी माझा चहाचा कप ओट्यावर पालथा घालायचा. बस्स. तो दिसला की ती काही विचारायची नाही, पोराला खाली खेळायला पाठवायची, वरणभात लावायची. आणि कप सलग ३ दिवस पालथा दिसला तर डॉक्टरांना फोन ती करणार, त्यावर मी वाद घालायचा नाही, हेही आधीच ठरलेलं. गोळ्यांचा सात खणी डबा आणला, रिकामा खण दिसतोच, विचारायची गरज उरली नाही. निम्मी भांडणं तिथेच संपली. आणि हो, पहिले दोन महिने मी तिला एकदाही थँक्यू म्हणालो नाही, तेवढं सुचतच नव्हतं.

ठाणे_लोकल:
वरचं सगळं पटलं पण ताई, तुम्ही शेवटी जे लिहिलंय ते आधी घ्या. "मी नसतो तर" यावर विषय बदलू नका. आज रात्रीच शांतपणे सरळ विचारा, मरावंसं वाटतं का, जीव द्यायचे विचार येतात का, काही ठरवलं आहेस का. विचारल्याने डोक्यात कल्पना घुसते असं नसतं, उलट बोलता येतं म्हणून माणूस सुटतो. हो म्हणाला तर डॉक्टरांना लगेच कळवा, गोळ्यांची पाकिटं तुमच्या ताब्यात (सासूबाईंच्या पण), आणि काही ठरवलंय असं वाटलं तर एकटं सोडू नका, थेट हॉस्पिटल. रात्रीबेरात्री १४४१६ लावा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात. घरच्यांनी लावला तरी चालतो, मी स्वतः लावलाय.

जवळीकीचं, कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. आजारात इच्छा जातेच आणि या गोळ्यांनीही बऱ्याच जणांना तो त्रास होतो. तुमच्या दिसण्याशी काही संबंध नाही. डॉक्टरांना लाजू नका, सांगितलं तर डोस किंवा औषध बदलून देतात. आमच्याकडे मी वर्षभर गप्प बसले आणि मनात काय काय रचलं, जाऊ दे.

आणि राग. येणारच. तुम्ही स्वतःसाठी काउन्सेलर बघा, त्याच्यासोबत नाही, एकट्या. डोंबिवलीहून ठाणं लांब नाही, तिथे आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली. सासरचा नाही माहेरचा नाही असा एक तरी माणूस लागतो जिथे "मला याचा वीट आलाय" हे बोलून मोकळं होता येतं. अॅसिडिटीची थाप पण एका माणसापुरती तरी बंद करा, बहीण, मैत्रीण, कुणीही. मी नणंदेला सांगितलं, सगळ्यात कमी अपेक्षा तिच्याकडून होती, ती दर रविवारी येऊन मुलांना घेऊन जायला लागली.

इन्शुरन्सचं जाता जाता, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात हे आजार बाकी आजारांसारखेच कव्हर करायचे म्हटलंय, अॅडमिट व्हायची वेळ आली तर उपयोगी. ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसीत नसतो.

पहाटफेरी:
मी वाईट हेतूने लिहिलं नव्हतं. ५ किमी राहू दे, दूध आणायला कोपऱ्यापर्यंत बरोबर न्या.

शेवग्याची_शेंग:
पहाटफेरी, हे जमेल. 🙂

सगळ्यांचे आभार, काल लिहायचं होतं, जमलं नाही. विचारलं त्याला. पोरगी झोपल्यावर, लाइट बंद करून, कारण तोंडाकडे बघून मला जमलं नसतं. म्हणाला विचार येतात, ठरवलं काही नाही. मग बराच वेळ रडला, मी पण. सकाळी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी उद्या सकाळचीच वेळ दिलीये, तोपर्यंत एकटं ठेवू नका म्हणाले, म्हणून त्याने सुट्टी टाकली, मी पण शाळेत कळवलं. सगळ्या गोळ्या कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. कपाचं त्याला सांगितलं तर म्हणाला माझ्या कपाचा कान तुटलाय, पालथा राहणार नाही नीट. नवीन आणते.

आता सासूबाईंना कळलंय आणि त्या उद्या डॉक्टरकडे सोबत यायचं म्हणतायत, आत केबिनमध्ये. त्यांना कसं थांबवू, कुणाकडे आयडिया आहे का?