राइक्सम्युझियम पाहताना आईसाठी मराठी ऑडिओ गाईड कसा तयार करावा?

फोंडेकरीण (प्रश्न)
नमस्कार. मे महिन्यात मी आईला घेऊन ॲमस्टरडॅमला भावाकडे जाणार आहे आणि तेथील राइक्सम्युझियम हे मोठे कलासंग्रहालय तिला नीट दाखवावे अशी मनापासून इच्छा आहे. आई 72 वर्षांची असून तिने आयुष्यभर मराठी प्राथमिक शाळेत शिकवले. तिचे वाचन माझ्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे, परंतु कानात वेगाने बोलले जाणारे इंग्रजी तिला पकडता येत नाही. मागे एका संग्रहालयात आम्ही भाड्याने ऑडिओ गाईड घेतला होता. पंधरा मिनिटांत तिने तो कानातून काढला आणि पुढचे दोन तास ती बाकावर बसून माझी वाट पाहत राहिली. ते मला अजून सलते. मराठी ऑडिओ गाईड तिथे मिळणार नाही हे गृहीत धरले, तर काय करता येईल?

पणजी_मळा
ताई, तुम्ही स्वतःच ध्वनिमुद्रण करा. संग्रहालयाचे ॲप विनामूल्य आहे. ते इथेच फोनवर उतरवून घ्या, त्यातील निवेदन ऐका आणि संकेतस्थळावरील मोठ्या आकाराच्या प्रतिमा पाहत आपल्या शब्दांत मराठी निवेदन तयार करा. सुमारे 80 दालनांत 8,000 वस्तू मांडलेल्या आहेत, त्यामुळे आठ-दहांपुढे जाऊ नका. प्रत्येक चित्राला दोन मिनिटे पुरेत.

निवेदनाची सुरुवात चित्रकाराच्या जन्मसालाने करू नका, नजर कुठे न्यायची ते आधी सांगा. डच चित्रकार व्हर्मीरचे 'दूध ओतणारी बाई' हे चित्र घ्या. सुमारे 1660 मधले हे चित्र जेमतेम 45 सेंटीमीटर उंच आहे, म्हणून जवळ जायला सांगा: आधी दुधाची बारीक धार, मग टेबलावरचे पाव, मग मागच्या भिंतीतला खिळा आणि उपटलेल्या खिळ्यांची भोके. एवढे सांगून अर्धा मिनिट काहीही बोलू नका. त्यानंतर सांगा की 2022 मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत, या बाईच्या डोक्यामागे व्हर्मीरने आधी मडकी अडकवलेली फळी रंगवायला घेतली होती आणि नंतर ती रंगाखाली झाकली, असे आढळले. आज दिसणारी मोकळी भिंत त्याने विचारपूर्वक ठेवली आहे, हे कळले की पुन्हा चित्राकडे पाहावेसे वाटतेच.

डिचोलीचा_वाचक
वरील सूचना उत्तम आहे, मात्र दोन मिनिटांचा नियम डच चित्रकार रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच'ला, म्हणजे 'रात्रीचा पहारा' या चित्राला, लावू नये. 1642 चे हे चित्र सुमारे पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे. ते 1715 मध्ये नगरभवनात हलवताना जागेत मावेना म्हणून चारही बाजूंनी कापले गेले आणि डाव्या कडेच्या आकृती कायमच्या गेल्या. शिवाय प्रसंग रात्रीचा नाहीच. काळवंडलेल्या वार्निशमुळे तसे नाव रूढ झाले. 2019 पासून त्याच्यावरचे संशोधन आणि जतनाचे काम प्रेक्षकांसमोरच, काचेच्या दालनात सुरू झाले. शिक्षिकेला हे सगळे सविस्तर ऐकायला आवडेल.

सतराव्या शतकाची चित्रे दुसऱ्या मजल्यावर आहेत. सकाळी नऊला दार उघडताच लिफ्टने थेट तिथे जा, म्हणजे गर्दीआधी आईंना शांतपणे पाहता येईल. आणखी एक: डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी रंगवलेल्या शहरांच्या चित्रांत आपल्या शेजारच्या रायबागचे एक चित्र या संग्रहात आहे. ज्या डचांनी त्याच शतकात गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी वर्षानुवर्षे नाकेबंदी केली, त्यांना आदिलशाहीतले हे बाजाराचे गाव कसे दिसले, ते पाहण्याजोगे आहे. ते सध्या दालनात लावले आहे की नाही, हे निघण्यापूर्वी संकेतस्थळावर तपासा.

म्हापसा_शुक्रवार
आशियाई दालनातील चोळकालीन नटराज विसरू नका. कांस्याची ही मूर्ती दीड मीटरहून थोडी उंच आहे आणि क्ष-किरण तपासणीत ती आतून पोकळ नसून भरीव ओतलेली आढळली. माझे मत असे की तिथे निवेदन ठेवूच नये. माझी आई तिथे हात जोडून बराच वेळ उभी राहिली आणि त्या वेळी कानात काहीही बोलणे मला योग्य वाटले नसते.

व्यवहाराचे सांगायचे तर, ध्वनिफिती फोनमध्येच साठवा, क्रमांकाऐवजी चित्राच्या छायाचित्रासह ठेवा, आणि एका फोनला दोन इअरफोन जोडणारी तार घ्या, म्हणजे दोघी एकाच वेळी ऐकाल.

फोंडेकरीण
सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री आईला दूध ओतणाऱ्या बाईची प्रतिमा मोठी करून दाखवली. खिळ्याकडे तिचे लक्षच गेले नाही, तिने पहिल्यांदा विचारले, "अगं, तिच्या मागे जमिनीवर ती भोके पाडलेली पेटी कसली?" ती निखारे ठेवून पाय शेकण्याची पेटी आहे, हे मी शोधून सांगितले. पहिली ध्वनिफीत आता त्या पेटीपासूनच सुरू करणार आहे, आणि उरलेल्या चित्रांसाठीही आधी आईचे प्रश्न लिहून घेणार आहे.