प्रतिसाद: घरी बांधलेल्या विमानाला चाके कोणती?

वर एका भाऊंनी लिहिलंय की टेलव्हीलच घ्या (दोन मुख्य चाकं पुढे आणि शेपटीखाली एक छोटं चाक), हलकं पडतं. खरं आहे, पण अर्धंच.

ट्रॅक्टरची ट्रॉली पुढे ओढा, सरळ चालते. रिव्हर्स घ्या, जरा चुकलं की आडवी! टेलव्हील विमानाचं तसंच. गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा मध्यबिंदू, मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे उतरताना नाक जरा वाकडं झालं की शेपूट पुढे धावू बघते आणि विमान जमिनीवरच गर्रकन फिरतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. नाकाला चाक असेल तर गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे, म्हणून विमान आपोआप सरळ होतं. शिकाऊ हाताला हेच बरं.

पण जळगावच्या किंवा धुळ्याला गोंदूरच्या डांबरी धावपट्टीवर उतरणं वेगळं आणि आपल्या काळ्या रानात उतरणं वेगळं. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. नाकाचं चाक भेगेत अडकलं की त्याचा पाय, म्हणजे चाक धरणारा दांडा, वाकतो, प्रोपेलर मातीत. कच्च्या पट्टीवरच उडणार असाल तर टेलव्हील आणि मोठे, कमी हवेचे टायर. व्हील पँट (चाकावरचं आवरण) मात्र काढूनच ठेवा, आत चिखल भरला की चाक जाम.

मुख्य चाकांच्या पायाचं म्हणाल तर स्प्रिंग स्टीलची पट्टी मला आवडते. अमेरिकेतले विमान बनवणारे स्टीव्ह विटमन यांची कल्पना, पुढे सेसना 140 या छोट्या विमानाला हीच होती. सांधे नाहीत, देखभाल जवळपास शून्य. धक्का झेलायला रबरी बंजी दोर स्वस्त, पण आपल्या उन्हात रबर लवकर मरतं. फक्त ही पट्टी गावच्या लोहाराकडून ठोकून घेऊ नका भो, हीट ट्रीटमेंट (पोलाद ठरावीक तापवून-थंड करणं) चुकली तर पहिल्याच दणक्याला तुटेल.