गावचं कलमेश्वराचं जुनं देऊळ पाडायचं ठरलंय, काय करता येईल?

मलप्रभेकाठचा
नमस्कार मंडळी. गाव खानापूर तालुक्यात, मी कामाला पुण्यात. गणपतीला गेलो तर कळलं की कलमेश्वराचं दगडी देऊळ पाडून तिथंच आरसीसी बांधायचं कमिटीनं ठरवलंय, वर्गणी घराला पाच हजार, नकाशा पण तयार, खाली ग्रॅनाईट न् वर मोठं शिखर. कमिटीचं सगळंच चुकलंय असं नाही, पावसाळ्यात गाभाऱ्यात बादल्या ठेवाव्या लागतात आणि महाप्रसादाला माणसं भिजत उभी असतात. खरं त्या देवळाचं शिखर पायऱ्यापायऱ्यांचं आहे, हलशीच्या जुन्या देवळांना आहे तसं, आणि मागं तीन वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांचे कोरीव दगड, पडलेत. त्यातला एक पालथा घालून त्यावर आमच्या लहानपणापासून कपडे धुतात. यंदा दोघंतिघं मिळून तो उलटा करून बघितला. खालच्या कप्प्यात तलवारवाला गडी न् त्याच्यापुढं गाई, मधल्यात दोन बायका त्याला वर उचलून न्यायलेत, सगळ्यात वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलाय. गाई सोडवताना मेलेला माणूस असणार. कडेला दोन ओळी अक्षरं पण आहेत, कन्नड. हे बैठकीत सांगितलं तर एक काका म्हणाले, कन्नड हाय तर गप बस, पुरातत्त्व डिपार्टमेंटवाले आले की देऊळच घेऊन जातील. सगळे हसले.
दुसऱ्या एकानं विचारलं, देव तोच, जागा तीच, मग दगड बदलला तर बिघडलं काय? ह्याला मला उत्तरच सुचलं नाही. तुम्ही काय म्हणाल?

किल्ल्यातला_फिरस्ता
देऊळ कोण नेत नाही हो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, बघा, १२०४ ची, इथल्या रट्ट राजांच्या काळातली, केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे आणि आत नेमिनाथाची पूजा चालूच आहे. छताचं ते दगडी कमळ मान दुखेपर्यंत बघत राहावं असलं आहे. शेजारीच चिक्की बस्ती, तीही जुनीच, पण तिथं दिवा लावणारं कोणी नाही, लोक जातात, फोटो काढतात न् परत येतात. दोन्हीत काय फरक आहे ते पायानं चालून कळतं.
नेलंच म्हणाल तर इंग्रज साहेबांनी नेलंय. बेळगावचे रट्टांचे दोन शिलालेख लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यात बस्तीला दिलेल्या दानाची नोंद. म्हणजे घर इथं आणि उतारा लंडनात.
काकांची भीती अगदीच खोटी नाही खरं. केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर २०१० च्या दुरुस्तीप्रमाणं भोवती १०० मीटरात नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरात परवानगी काढावी लागते, गावाला ह्याचा त्रास होतोच. पण तुमचं देऊळ यादीत नसेल तर हा नियम लागूच नाही. आणि कन्नडचं म्हणाल तर श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी ओळ कोरलेली आहे, शेजारी कन्नड न् तमिळ. ती तिथं कोणी खरवडून काढलेली नाही. आपल्या वीरगळावरचा गडी मेला तेव्हा १९५६ ची भाषावार राज्यं न् सीमावाद कुठं होता?

चुनागूळ
मी साईटवर काम करणारा माणूस, देवाधर्माचं मला विचारू नका, गळतीचं सांगतो. असल्या देवळांच्या छतावर बहुतेक वेळा मागच्या पिढीत कोणीतरी सिमेंटचा कोबा ओतलेला असतो, त्याला भेगा पडतात, पाणी आत शिरतं न् सिमेंट ते बाहेर सोडत नाही, मग चिरा आतून ओला राहून भुगा व्हायला लागतो. आधी वर चढून बघा. कोबा काढून चुन्याचं काम करून घ्या, हिरड्याचं पाणी न् गूळ घालून मळलेला चुना, दगडातला ओलावा त्यातनं बाहेर पडतो. वेळ लागतो, घाई केली की फसतं. सांध्यात पिंपळ रुजलाय का तेही बघा, आणि असला तर नुसता ओढून काढू नका, दगड घेऊन येतो. ऑइल पेंट मारलाय का?

हुक्केरी_रोड
पुण्यात बसून गावाचं म्युझियम करा म्हणणं सोप्पं आहे भावा. हिडकलच्या धरणात हुन्नूरचं विठ्ठल मंदिर बुडालं, माणसं उठून दुसरीकडं गेली, देव काय संपला का? देव माणसाबरोबर जातोय, दगडाबरोबर नाही. गळतंय तर पाडूद्यात की.

सीमेवरची_लेक
दादा, माझं माहेर हिडकलकडंच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते देऊळ वर येतंय आणि माणसं चिखल तुडवत जाऊन नारळ फोडून येतात. देव बरोबर आलाय तर मग कशाला जाऊलेत?
आणि देव तोच जागा तीच म्हणणाऱ्यांना माझ्या सासरचं सांगा. आमच्यात लक्ष्मीयात्रेआधी वार पाळणूक असते, शेतात कोण जात नाही, देवी कुठल्या दारातनं निघणार, गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या बसायच्या जागेवर, कुठं तोंड करून बसणार, सीमेला कुठल्या वाटेनं जाणार सगळं हक्कदारांना तोंडपाठ. नवं देऊळ बांधताना जोतं चार फूट वर घेतलं आणि पुढचा कट्टा काढून पायऱ्या केल्या, दिसायला झकास. आता पालखी उतरवताना तिरकी होत्या, पहिल्या वर्षी एकाचा पाय मोडला. त्या कट्ट्यावर म्हाताऱ्या बसून रात्रभर गाणी म्हणायच्या. ग्रॅनाईट उन्हात भाजतंय न् पावसात घसरतंय, त्या आता घरातनंच हात जोडतात. आईला त्यातलं एक गाणं अर्धंच येतंय, पुढचं सांगणारी तिच्याशेजारी बसायची. देव तोच आहे की, जागा पण इंचभर हलली नाही.

हुक्केरी_रोड
अक्का, नारळाचं मान्य. खरं पावसात उभं राहणाऱ्यांचं काय ते पण सांगा.

मलप्रभेकाठचा
सगळ्यांचे आभार. रविवारी परत बैठक झाली. पावसाचं उत्तर आधी दिलं, हॉल वेगळा, देवळाला न चिकटवता बाजूच्या मोकळ्या जागेत पत्र्याचा. त्यावर बरीच डोकी हलली. मग अक्कांचं कट्ट्याचं सांगितलं तेव्हा नकाशा परत उघडला गेला आणि खरंच त्यात कट्टाच नव्हता, कोणाच्या लक्षात पण आलं नव्हतं. पाडायचं सध्या थांबलंय, रद्द झालेलं नाही. दिवाळीनंतर छतावर चढून बघणार, चुनागूळ साहेब, गवंडी माहीत असेल तर मेसेज करा. ऑइल पेंट आहे, हिरवा.
वीरगळ देवळाच्या भिंतीला उभा केलाय. पण आता कपडे कशावर आपटायचे म्हणून वहिनी तणतणल्यात, तेवढ्याच मापाचा गुळगुळीत दगड आणून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.