आतड्याच्या ऑपरेशनआधीच अँटिबायोटिक कशाला?

प्रश्न: बाबांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध आणि सोबत अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्यात, शिवाय ऑपरेशनच्या वेळी इंजेक्शन देणार म्हणे. ताप नाही काही नाही, मग एवढं सगळं कशाला? आणि नंतर घरी आल्यावर कोर्स का नाही? जीव टांगणीला लागलाय.

उत्तर १: काळजी वाटणारच हो. मोठ्या आतड्यात ई. कोलाय, बॅक्टेरॉइड्स असे जंतू प्रचंड असतात, आतडं कापलं की ते जखमेत उतरू शकतात. म्हणून इंजेक्शन चिरा देण्याआधीच्या तासाभरात देतात, बऱ्याचदा सेफाझोलिन आणि मेट्रोनिडाझोल, म्हणजे सुरी लागायच्या आत औषध रक्तात आणि पेशींत पोचलेलं असतं. ऑपरेशन लांबलं तर मध्येच परत डोस, सेफाझोलिनचा साधारण ४ तासांनी. गोळ्या आतड्याच्या आतले जंतू कमी करतात, नुसतं पोट साफ करून ते होत नाही, त्यामुळे एकही गोळी चुकवू नका.

उत्तर २: नंतरच्या कोर्सबद्दल, इन्फेक्शन झालेलं नसेल तर २४ तासांपुढे देऊन जखमेला जास्त फायदा होत नाही, उलट जुलाब लागतात, सी. डिफिसाइल या आतड्यात वाढून जोराचे जुलाब करणाऱ्या जंतूचा त्रास होऊ शकतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. डब्ल्यूएचओनेही २०१६ मध्ये हेच सांगितलंय. पेनिसिलिनची ॲलर्जी, किडनीचा त्रास असेल तर आत्ताच सांगा, औषध किंवा डोस बदलावा लागू शकतो. घरी आल्यावर ताप, जखमेतून पू किंवा पोटात वाढत जाणारं दुखणं असेल तर लगेच सर्जनला फोन करा, घरातल्या उरलेल्या गोळ्या मनाने देऊ नका.