मदत हवी आहे: डिप्रेशनच्या गोळ्या लागू पडत नाहीत, असेसमेंट कुठे करायची?

शिवारातली
नमस्कार, जरा घाईत लिहितेय. दादाचं डिप्रेशन गोळ्यांना दाद देत नाहीये. आता डॉक्टरच म्हणतायत एकदा मोठ्या ठिकाणी असेसमेंट करून घ्या. मी पुण्यात असते, तो कराडजवळ गावी. पुण्यात कुठे न्यायचं, किती वेळ लागतो, अ‍ॅडमिट करतात का? आणि प्लीज, योगा करा, सकाळी फिरायला जा हे कुणी सांगू नका, सगळं सांगून झालंय.

अप्पा_नाशिककर
योगा नको तर नको, पण इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला पाठवा. माझा साडू पार बदलून आला.

टोकदार
अप्पा, तिथल्या फॉर्ममध्ये मानसिक आजाराबद्दल विचारतात, गंभीर आजार असेल तर येऊ नका असं ते स्वतःच सांगतात. दहा दिवस मौन धरून बसणं आजारी माणसाला झेपेलच असं नाही. ताई, कुठल्या गोळ्या, किती मिलिग्रॅम, किती दिवस? हे न सांगता काय उत्तर देणार?

शिवारातली
डिप्रेशनच्याच गोळ्या आहेत हो, दोन वेगवेगळ्या देऊन झाल्या. वर झोपेची एक.

जर्सीकर
इकडे अमेरिकेत नाकात मारायचा एस्केटामाइनचा स्प्रे 2019 पासून मिळतो, हट्टी डिप्रेशनसाठीच आहे. क्लिनिकमध्येच घ्यायचा आणि नंतर दोन तास तिथेच बसवून ठेवतात. आमच्या ऑफिसातल्या एकाला खूप फरक पडला. भारतात चौकशी करा.

टोकदार
त्या कराडचं विचारतायत, तुम्ही जर्सीचं सांगताय.

रात्रपाळी
मी सायकियाट्री वॉर्डात काम केलंय, डॉक्टर नाही. ताई, स्ट्रिपवरचं नाव वाचून इथे टाका. 'दाद देत नाही' कधी म्हणतात, तर निदान दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी सहा-आठ आठवडे, रोज न चुकता घेऊनही फरक पडला नाही तर. पहिल्या गोळीने सगळेच बरे होत नाहीत, अमेरिकेतल्या स्टार-डी नावाच्या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले साधारण तिघांत एकच होते. आणि एक थेट विचारते, मरायचे विचार बोलून दाखवतो का?

शिवारातली
आईला विचारून लिहितेय. आधी एसिटालोप्राम 10 होती बरेच महिने, डोस कधी वाढवला नाही. मग सर्ट्रालीन 50, ती जेमतेम तीन आठवडे, मळमळ होते म्हणून त्यानेच बंद केली. झोपेची क्लोनाझेपाम. आणि हो, मागे एकदा म्हणाला होता मी नसतो तर बरं झालं असतं. पण तसा तो शांत आहे.

रात्रपाळी
शांत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गोळ्यांचा साठा आईच्या ताब्यात द्या, आणि फवारणीचे डबे आजच्या आज कुलपात, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक मदतीच्या हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. पुन्हा तसं बोलला तर असेसमेंटच्या तारखेची वाट बघू नका, जवळच्या सिव्हिलला न्या.

बाकी तुम्ही लिहिलंय त्यावरून सर्ट्रालीन धड पूर्ण झालेली नाही आणि एसिटालोप्रामचा डोस वाढवून बघितलेला नाही. एसिटालोप्राम 20 पर्यंत नेतात, सर्ट्रालीन 200 पर्यंत. पण हे तिथल्या डॉक्टरांनी ठरवायचं, घरी वाढवू नका आणि अचानक बंदही करू नका.

मीनलची_आई
थायरॉइड बघितलं का? माझ्या मुलीला वर्षभर डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या आणि टीएसएच निघाला भलताच. बी-12 पण करा, आपल्याकडे शाकाहारी लोकांचं बऱ्याचदा कमी असतं.

अप्पा_नाशिककर
एमआरआयच काढून टाका ना, एकदाच कळेल.

टोकदार
एमआरआयमध्ये डिप्रेशन दिसत नाही अप्पा. डॉक्टरांना दुसरी काही शंका आली तर ते सांगतील काढायला. टीएसएच, बी-12, हिमोग्लोबिन, साखर हे मात्र करून न्या. जोरात घोरतो का, दारू किती, दुसरी कुठली औषधं, स्टेरॉइड वगैरे चालू आहेत का, तेही लिहून ठेवा.

सह्यकडा
मोठ्या ठिकाणी नेलं की शॉक देतात. आमच्या काकांना दिले होते, विसरायला लागले. सांभाळून.

रात्रपाळी
काकांना कधी दिले? 2017 च्या कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी, म्हणजे शॉक, देताच येत नाही. विसरायला होतं हे खरं, बहुतेकांचं नंतर भरून येतं, काहींच्या काही आठवणी जातात. पण खाणंपिणं सोडलेल्या पेशंटला त्यानेच उठून बसलेलं मी पाहिलंय. आणि असेसमेंटला गेलं की शॉक असं काही नसतं. तास-दीड तास नुसतं बोलतात, नऊ प्रश्नांचा एक फॉर्म असतो, 27 पैकी मार्क, तो पुढे दर वेळी भरून घेतात म्हणजे फरक कळतो.

ताई, अजून एक. याच्या बरोबर उलटं कधी झालं होतं का? झोप कमी, तरी अंगात उत्साह, खर्च, बडबड?

शिवारातली
त्याचा काय संबंध? दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी एकदम कामाला लागला होता. आठवड्याभरात पोल्ट्रीचं शेड ठरवलं, जुनी पिकअप घेतली, सोसायटीचं कर्ज काढलं. रात्री दोनला उठून पत्रे मोजायचा, तीन तास झोप झाली तरी ताजातवाना. आई म्हणायची पोरगं मार्गी लागलं. मग संक्रांतीनंतर जो झोपला तो झोपलाच. एक चुलते पण असेच होते.

रात्रपाळी
हे डॉक्टरांना सांगितलंय?

शिवारातली
नाही. कुणी विचारलंच नाही.

रात्रपाळी
मग तिथे गेल्यावर पहिलं हेच सांगा, चुलत्यांचं पण. हे बायपोलर असू शकतं, म्हणजे कधी अति उत्साह, कधी डिप्रेशन असा आजार. असेल तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या नीट लागू पडत नाहीत, कधी कधी माणूस उलटा वर उसळतो. त्याची औषधं वेगळी, लिथियम वगैरे, आणि लिथियमला रक्त, किडनी, थायरॉइड तपासत राहावं लागतं. इथे बसून निदान होत नाही, पण हा धागा सोडू नका. मधल्या काळात झोप एकदम कमी होऊन बडबड वाढली तरी लगेच दाखवा.

टोकदार
पुण्यात ससूनला मानसोपचार विभाग आहे, स्टेशनजवळच, खर्च कमी. गर्दी असते, सकाळी लवकर जा. तिथून पुढे गरज वाटली तर बेंगळुरूचं निमहान्स, मानसिक आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल. जुन्या डॉक्टरांकडून फाइलची कॉपी घ्या, कायद्याने पेशंटला मिळते ती.

शिवारातली
पिकअपचं त्याच्यासमोर कसं सांगू? त्या विषयावरून घरात भांडणं झालीत.

रात्रपाळी
समोर नकोच. तारखांसकट एका कागदावर लिहून आत द्या, आधी त्याच्याशी एकट्याशी बोलतात, मग तुम्हाला बोलावतात. आईला पण न्या, तिला जास्त आठवेल.

सह्यकडा
ते पोल्ट्रीचं शेड अजून आहे का? कराडजवळ भाड्याने हवंय मला.

शिवारातली
आहे, पत्रे निम्मेच बसवलेत. पण आत्ता नका विचारू दादा, नंतर बघू. ससूनला सोमवारी निघतोय.